नाव आधी की हिशोब आधी?

चाकण म्हटलं की इतिहासाच्या शिक्षकांना १६६० सालचा संग्रामदुर्गाचा वेढा आणि फिरंगोजी नरसाळा आठवतात. खेड तालुक्यातल्या शेतकऱ्यांना कांद्याचा बाजार आठवतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुणे-नाशिक रस्त्याच्या आजूबाजूला मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून कामासाठी आलेल्या कुटुंबांच्या दृष्टीनं चाकण म्हणजे पाळीचं काम आणि भाड्याची खोली. या कुटुंबांतली मुलं आसपासच्या शाळांत येतात, आणि कधी कधी येईनाशी होतात.

अशाच एका शाळेत आम्ही काही शिक्षक मिळून हजेरीची नोंद संगणकावर ठेवू लागलो. उद्देश साधा होता. दर महिन्याला ज्या मुलांची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाईल त्यांची यादी काढायची आणि त्यांच्या घरी जाऊन यायचं. या यादीच्या निमित्तानं आमच्या हातून एक चूक झाली. ती का झाली हे शोधता शोधता आम्ही थेट १९७० च्या दशकातल्या कॅलिफोर्नियात जाऊन पोचलो. तीच गोष्ट इथे सांगायची आहे.

संगणकानं नाही म्हटलं

आमचा तक्ता अगदी सोपा होता. त्याचं नाव 'हजेरी'. त्यात तीन रकाने: 'नाव', 'सकाळ' म्हणजे सकाळच्या हजेरीचे दिवस, आणि 'कामाचे' म्हणजे शाळा भरली ते दिवस. अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी 'एसक्यूएल' नावाची भाषा वापरतात. तिचे शब्द इंग्रजी आहेत, आपण ते देवनागरीत लिहू. आम्ही लिहिलं:

सिलेक्ट नाव, सकाळ * १०० / कामाचे अ‍ॅज टक्के
फ्रॉम हजेरी
व्हेअर टक्के < ७५

'सिलेक्ट' म्हणजे काय दाखवायचं, 'फ्रॉम' म्हणजे कोणत्या तक्त्यातून, 'व्हेअर' म्हणजे कोणत्या अटीवर. 'अ‍ॅज' म्हणजे आपल्या मतदारयादीतलं 'उर्फ'. टक्के हा रकाना मूळ तक्त्यात नाही, तो आपण हिशोब करून काढतो. त्या हिशोबाला आपण नाव दिलं 'टक्के', आणि पुढच्याच ओळीत ते नाव वापरलं.

वरून खाली वाचणाऱ्या कुणालाही यात काही चूक दिसणार नाही. पण संगणकाचं उत्तर आलं, 'टक्के' नावाचा रकाना सापडत नाही. आत्ताच तर नाव दिलं, आणि म्हणे सापडत नाही!

मग कुणीतरी सुचवलं, नाव वापरू नका, अटीतही पूर्ण सूत्रच पुन्हा लिहा. तसं केलं: 'व्हेअर सकाळ * १०० / कामाचे < ७५'. यादी आली. आम्ही खूश झालो आणि पुढच्या कामाला लागलो.

दोन ठिकाणी लिहिलेलं सूत्र

काही महिन्यांनी लक्षात आलं की बरीच मुलं मधल्या सुट्टीनंतर दिसतच नाहीत. म्हणून दुपारची हजेरीही नोंदवायला सुरुवात केली. तक्त्यात 'दुपार' हा रकाना वाढला आणि सूत्र बदललं:

(सकाळ + दुपार) * १०० / (२ * कामाचे)

हे नवं सूत्र आम्ही 'सिलेक्ट'मध्ये लिहिलं. 'व्हेअर'मध्ये मात्र जुनंच राहून गेलं.

आता याचा परिणाम पाहा. शाळा १२० दिवस भरली. एक मुलगी सकाळी ९६ दिवस हजर होती आणि दुपारी ७२ दिवस. जुन्या सूत्रानं तिचे टक्के होतात ९६ * १०० / १२०, म्हणजे ८०. नव्या सूत्रानं होतात १६८ * १०० / २४०, म्हणजे ७०. ती यादीत यायला हवी होती. पण गाळणी जुन्या सूत्राची, म्हणून ती आत आलीच नाही.

आणि यादीकडे पाहून आम्हाला काही शंका यावी, तर तेही नाही. जी नावं आली होती त्यांच्यापुढे नव्या सूत्रानं काढलेले टक्के होते, आणि ते सगळे ७५ च्या आतच होते. दुपारी थांबणारी मुलं सकाळपेक्षा कधीच जास्त नसतात, त्यामुळे तसं होणारच होतं. यादीत जे दिसत होतं ते सगळं बरोबर होतं. जे चुकलं होतं ते यादीत दिसतच नव्हतं.

त्या मुलीच्या आईची कारखान्यात दुपारची पाळी होती. आई निघायच्या आत घरी पोचून धाकट्या भावाला सांभाळायचं म्हणून ती मधल्या सुट्टीत निघून जायची. आम्ही तिच्या घरी पोचलो ते दोन महिने उशिरा.

दोष आमचाच होता. पण एकच सूत्र दोनदा लिहायची वेळ आमच्यावर का आली? दिलेलं नाव संगणकानं का ओळखलं नाही?

कॉड यांचे तक्ते

१९७० च्या आधी मोठ्या संगणकांवरची माहिती एकमेकींना जोडलेल्या नोंदींच्या स्वरूपात ठेवलेली असे. हवी ती नोंद गाठायची तर या नोंदीवरून त्या नोंदीवर कसं जायचं, हा सगळा रस्ता प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत असावा लागे. नोंदींची मांडणी बदलली की प्रोग्रॅमही बदलायचा.

जून १९७० मध्ये आयबीएम कंपनीच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक असलेले कॉड हे गणिती वळणाचे गृहस्थ. त्यांनी सुचवलं की सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, आणि त्या तक्त्यांवर करायच्या थोड्याच क्रिया गणितासारख्या काटेकोरपणे ठरवाव्यात. उदाहरणार्थ, अटीत बसणाऱ्या ओळी ठेवणं ही एक क्रिया. हवे तेवढेच रकाने ठेवणं ही दुसरी. प्रत्येक क्रियेत तक्ता आत जातो आणि तक्ताच बाहेर येतो. बाहेर आलेल्या तक्त्यावर पुढची क्रिया करता येते. काय हवं ते माणसानं सांगावं, ते कुठून कसं आणायचं ते यंत्रानं पाहावं. या कामासाठी कॉड यांना १९८१ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवू. कॉड यांच्या मूळ क्रियांमध्ये 'हिशोब करून नवा रकाना जोडणं' ही क्रिया नव्हती.

इंग्रजी वाक्याचा साचा

कॉड यांची गणिती भाषा सामान्य माणसाला अवघड होती. आयबीएममधलेच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आधी 'स्क्वेअर' नावाची भाषा तयार केली. पण तिच्यातली चिन्हं ओळीच्या खाली लिहायची होती, ती कळफलकावर टाइप करणं जमेना. मग त्यांनी तीच कल्पना इंग्रजी शब्दांत मांडली. हिशेबनीस, अभियंते, वास्तुरचनाकार, नगररचनाकार अशा संगणकतज्ज्ञ नसलेल्या लोकांना वापरता यावी अशी ही भाषा. नाव ठेवलं 'सीक्वेल'. मे १९७४ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर इथल्या परिषदेत त्यांनी ती मांडली. पुढच्याच महिन्यात मेंदूतल्या रक्तस्रावानं बॉइस यांचं ऐन तारुण्यात निधन झालं. 'सीक्वेल' हे नाव हॉकर सिडली या ब्रिटिश विमान कंपनीनं आधीच नोंदवलेलं निघालं, म्हणून पुढे भाषेचं नाव 'एसक्यूएल' झालं.

आता या भाषेच्या वाक्याकडे पाहा. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर. इंग्रजीत आज्ञा करायची तर क्रियापद पहिलं येतं: अमुक निवडा, तमुक तक्त्यातून, अशी अट असेल तिथे. भाषेनं हाच साचा उचलला. वाचायला सोपं झालं, पण वाक्याचा अर्थ मात्र वेगळ्या क्रमानं ठरवलेला होता. आधी 'फ्रॉम': तक्ता घ्यायचा. मग 'व्हेअर': एकेक ओळ तपासून अटीत न बसणारी टाकायची. त्यानंतर 'सिलेक्ट': उरलेल्या ओळींतून रकाने दाखवायचे, हिशोब असेल तर करायचा. अगदी शेवटी 'ऑर्डर बाय': उतरता-चढता क्रम लावायचा.

आमच्या कोड्याचं उत्तर इथे सापडतं. 'टक्के' हे नाव आम्ही पहिल्या ओळीत लिहिलं, पण ते जन्माला येतं 'सिलेक्ट'च्या पायरीवर. 'व्हेअर'ची पायरी त्याआधीची. बारशाआधीच हाक मारली तर ओ कोण देणार? शेवटच्या 'ऑर्डर बाय'ला मात्र हे नाव ओळखता येतं, कारण तोवर बारसं झालेलं असतं.

हा क्रम म्हणजे अर्थाचा क्रम, यंत्राच्या हालचालींचा नव्हे, हेही सांगायला हवं. आयबीएमच्या 'सिस्टीम आर' या प्रयोगात पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली दाखवून दिलं की कमीत कमी श्रमाचा मार्ग यंत्रालाच शोधता येतो. यंत्र प्रत्यक्षात कोणत्याही क्रमानं काम करो, उत्तर मात्र अर्थाच्या क्रमानं येईल तेच असलं पाहिजे.

नाव नसलेले रकाने

आज ऐकून आश्चर्य वाटेल, पण १९८६ साली या भाषेचं पहिलं अमेरिकन प्रमाण ठरलं तेव्हा हिशोबाच्या रकान्याला 'अ‍ॅज' म्हणून नाव देण्याची सोयच त्यात नव्हती. रकाना निनावी. त्यानुसार क्रम लावायचा तर 'दुसऱ्या रकान्याप्रमाणे लाव' असा आकडा सांगावा लागे. 'व्ह्यू' म्हणजे कायमचं नाव दिलेला प्रश्न तयार केला, तर त्यातल्या रकान्यांना नावं देता येत. पण एका वेळच्या कामासाठी एवढा खटाटोप कोण करणार?

१९९२ च्या प्रमाणात दोन सुधारणा आल्या. 'अ‍ॅज' आलं. शिवाय 'फ्रॉम'मध्ये तक्त्याच्या जागी कंसात एक पूर्ण प्रश्नच लिहायची मुभा मिळाली. त्यामुळे आमचं काम असं करता येतं:

सिलेक्ट नाव, टक्के
फ्रॉम (सिलेक्ट नाव, (सकाळ + दुपार) * १०० / (२ * कामाचे) अ‍ॅज टक्के फ्रॉम हजेरी) अ‍ॅज टक्केवारी
व्हेअर टक्के < ७५

कंसातला प्रश्न आधी सुटतो. त्यातून 'टक्केवारी' नावाचा तक्ता तयार होतो आणि त्यात 'टक्के' हा रकाना असतो. बाहेरच्या 'व्हेअर'ला तो दिसतो. सूत्र एकदाच लिहिलं आहे, बदलायचं तर एकाच ठिकाणी. १९९९ च्या प्रमाणात 'विथ' हा शब्द आला. त्यामुळे कंसातला भाग वर काढून आधीच लिहिता येतो, आणि वाचणाऱ्याला पायऱ्या ओळीनं दिसतात.

चाकणच्या मुलांना हे समजावणं अवघड नाही. कांदा विकून आल्यावर घरी हिशोबपट्टी येते. वजन गुणिले भाव म्हणजे एकूण रक्कम, त्यातून हमाली-तोलाई वजा केली की निव्वळ रक्कम. 'निव्वळ पाच हजारांच्या वर गेलेल्या पट्ट्या बाजूला काढ' असं सांगितलं, तर आधी पट्टी पुरी लिहून झालेली हवी. कोऱ्या पट्टीवर निव्वळ रक्कम शोधता येत नाही.

पण बीजगणितात तर चालतं!

आमच्यातल्या गणिताच्या बाईंनी इथे एक शंका काढली. बीजगणितात आपण किंमत माहीत नसताना आधी नाव देतोच की! भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'बीजगणित' ग्रंथात अज्ञात राशीला 'यावत्तावत्', म्हणजे 'जितके तितके', म्हटलं आहे, आणि आणखी अज्ञातं असली तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. या अक्षरांनी समीकरण मांडायचं, किंमत मागून काढायची. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापन केला. तसं सांगणारा १२०७ सालचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. तेव्हा नावाआधी हिशोब हवाच, हा हट्ट कशाला?

शंका बिनतोड होती. 'टक्के' म्हणजे कोणतं सूत्र हे वाक्यातच लिहिलेलं आहे. यंत्रानं अटीतल्या नावाच्या जागी ते सूत्र ठेवलं की झालं. आणि खरोखरच टेराडेटा, एसक्यूलाइट यांसारख्या काही प्रणाली तसं करतातही. म्हणजे आमच्या साध्या उदाहरणापुरता हा नियम निसर्गनियम नाही, संकेत आहे.

पण संकेतामागे कारणं आहेत. समजा मूळ तक्त्यातच 'टक्के' नावाचा गेल्या वर्षीचा रकाना असेल, तर अटीतले 'टक्के' कोणते समजायचे? दुसरं कारण अधिक खोलवरचं आहे. 'ज्या तुकड्यांची सरासरी हजेरी ७५ च्या खाली आहे त्या सांगा' असा प्रश्न घ्या. 'व्हेअर' एकेका मुलाची ओळ तपासतं. सरासरी ही एका मुलाची नसतेच, ती तुकडीची. आधी ओळी गाळायच्या, मग तुकड्या पाडायच्या, मग सरासरी काढायची. इथे नुसतं नावाच्या जागी सूत्र ठेवून भागत नाही. म्हणून अशा अटींसाठी भाषेत 'हॅव्हिंग' हा वेगळा शब्द आहे. तो तुकड्या पाडून झाल्यावर काम करतो. एके ठिकाणी संकेत, दुसऱ्या ठिकाणी अपरिहार्यता. शिकवताना हा फरक जपायला हवा.

क्रम सुलटा करण्याचे प्रयत्न

हिशोबाचा रकाना जोडणं ही स्वतंत्र क्रिया असावी हे इतरांना लवकरच सुचलं होतं. इंग्लंडमधल्या पीटरली इथल्या आयबीएमच्या केंद्रात स्टीफन टॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात तक्त्यांच्या बीजगणितावर चालणारी एक प्रणाली तयार केली. त्याच वळणावर पुढे काम केलेले ह्यू डार्वेन यांनी ख्रिस डेट यांच्यासह आपल्या पुस्तकांत या क्रियेला 'एक्स्टेंड', म्हणजे 'वाढव', म्हटलं. आधी रकाना वाढव, मग त्याच्या नावानं गाळ. पण तोवर बाजार एसक्यूएलनं व्यापला होता.

गंमत पुढेच आहे. सन २००० मध्ये चेंबरलिन यांनी जोनाथन रोबी आणि डॅनिएला फ्लोरेस्कू यांच्यासह 'क्विल्ट' ही वेगळ्या प्रकारच्या दस्तऐवजांसाठीची भाषा मांडली. तिच्यातूनच 'एक्सक्वेरी' ही भाषा घडली आणि २००७ साली प्रमाण झाली. तिच्या वाक्याचा क्रम असा: 'फॉर' म्हणजे कुठून घ्यायचं, 'लेट' म्हणजे कोणत्या हिशोबाला काय नाव द्यायचं, 'व्हेअर' म्हणजे अट, आणि शेवटी 'रिटर्न' म्हणजे काय दाखवायचं. पंचवीस वर्षांपूर्वी 'सिलेक्ट' पहिलं लिहिणाऱ्याच माणसाच्या या दुसऱ्या भाषेत नाव अटीच्या आधी आलं आणि उत्तर सर्वांत शेवटी. २०२४ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी खुद्द एसक्यूएललाच एक नवी लेखनपद्धत जोडली. तिच्यात वाक्य 'फ्रॉम'पासून सुरू होतं, पायऱ्या एकीखाली एक येतात, आणि त्यात 'एक्स्टेंड'ही आहे.

मराठी वाक्य काय म्हणतं?

आम्ही शाळेत एक प्रयोग केला. सातवीच्या मुलांना संगणक न दाखवता सांगितलं, कमी हजेरीच्या मुलांची यादी करायला मित्राला एका वाक्यात सांगा. बहुतेकांनी लिहिलं ते असं: 'हजेरीचा तक्ता घेऊन, प्रत्येकाचे टक्के काढून, ७५ च्या खालचे बाजूला करून त्यांची नावं लिही.'

घेऊन, काढून, करून, लिही. आपलं मुख्य क्रियापद शेवटी येतं, आणि 'ऊन' प्रत्ययाची धातुसाधितं आधीच्या क्रिया घडतील त्या क्रमानं मांडत जातात. चेंबरलिन आणि बॉइस यांच्या वाक्याला इंग्रजीचं वळण मिळालं म्हणून 'सिलेक्ट' वर बसलं. तो इंग्रजीचा दोष नव्हे आणि मराठीची थोरवीही नव्हे. पण आपल्या मुलांना मराठीतून विचार करून मग इंग्रजी शब्द लिहायला सांगितलं, तर त्यांना पायऱ्या आधी दिसतात आणि नावाचं बारसं कोणत्या पायरीवर झालं तेही दिसतं. तुमच्या वर्गात करून पाहा. फळ्यावर 'ऊन'चं वाक्य लिहा, प्रत्येक 'ऊन'खाली रेघ मारा, आणि विचारा: या रेघेपर्यंत कोणकोणत्या रकान्यांना नाव मिळालं आहे?

आमच्या शाळेत आता यादीचं सूत्र एकाच जागी, कंसाच्या आत लिहिलेलं आहे. शिवाय एक सवय लावून घेतली आहे. यादीत कोण आलं हे पाहतोच, पण जे अगदी थोडक्यात बाहेर राहिले त्यांचीही दहा नावं काढून वर्गशिक्षकांना दाखवतो. त्या मुलीच्या आईनं शेजारणीशी बोलून धाकट्याची सोय लावली, आणि मुलगी आता आठवड्यातले चार दिवस शाळा सुटेपर्यंत थांबते. पाचव्या दिवसासाठी काय करता येईल ते अजून सुचलेलं नाही.